आयआरक्यू ५ चं भांडण: जुन्या पेंटियमवरचं कार्ड मुकं झालंय, कुणी मार्ग दाखवा

शिरोलीफाटा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज अडलंय म्हणून लिहितोय.

कोल्हापूरजवळ आमची छोटी फाउंड्री आहे. टेस्टिंग रूममध्ये ४० टनी यूटीएम आहे, म्हणजे कास्टिंगसोबत ओतलेला टेस्ट बार ओढून तोडायचं मशीन. त्याला जोडलेला कॉम्प्युटर पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन. मशीनची केबल आत एका हातभर लांब आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटात बसणाऱ्या) कार्डात जाते. प्रोग्रॅम डॉसमधला, पण विंडोजमधूनच चालवतो, कारण सर्टिफिकेट तिथून छापायला सोपं पडतं.

वीसेक वर्षं बिनबोभाट चाललं. गेल्या आठवड्यापासून असं होतंय: प्रोग्रॅम उघडतो, "कार्ड सापडलं" म्हणतो, लोडचा आकडाही दाखवतो. टेस्ट सुरू केली की आलेखावर एक ठिपका येतो आणि पुढे काही नाही. तिकडे बार धाडकन तुटतो, इकडे आपला ठिपका.

कार्ड काढून खोडरबरने पाय घासले, परत बसवलं. फरक नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक, पिवळं उद्गारचिन्ह कुठेच नाही. कार्डासोबतच्या जुन्या कागदावर "३००, आयआरक्यू ५" एवढंच पेनाने लिहिलंय. इथल्या कॉम्प्युटरवाल्याने हात टेकले. सर्टिफिकेटशिवाय माल गेटबाहेर जात नाही. काय करू?

सोलापुरी_चादर | सोमवार, रात्री ९.५२

भंगारात घाला आणि नवा घ्या. पेंटियम थ्री म्हणजे आता पुराणवस्तू संग्रहालयाचा माल.

शिरोलीफाटा | सोमवार, रात्री १०.०५

@सोलापुरी_चादर नव्या मदरबोर्डात ते कार्ड कुठे खुपसू, तेही सांगा. आयएसए स्लॉट आता कुठे येतो? मशीनचं सगळं कंट्रोल बदलायचं कोटेशन मागवलं होतं. ते वाचून वडील दोन दिवस जेवले नाहीत.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.२०

आयआरक्यू म्हणजे काय ते एकदा सोप्या मराठीत सांगा कुणीतरी. आमच्या वेळी फक्त "कॉन्फ्लिक्ट आहे" म्हणायचे आणि पाचशे रुपये घ्यायचे.

जुनाजंपर | सोमवार, रात्री ११.३५

@गोदाकाठ, सांगतो. प्रोसेसर आपल्या कामात गुंग असतो. कीबोर्ड, डिस्क, साउंड कार्ड यांना त्याचं लक्ष वेधायचं असेल तर प्रत्येकाला एक घंटेची दोरी दिलेली असते. ती दोरी म्हणजे आयआरक्यू. १९८१ च्या आयबीएम पीसीत अशा आठच दोऱ्या होत्या, ० ते ७, आणि त्या सांभाळायला ८२५९ नावाची एक चिप. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी ८२५९ आली, पण ती पहिलीच्या २ नंबरच्या दोरीला बांधलेली. म्हणून एकूण सोळा नाही, पंधराच हाताशी.

त्या पंधरांतल्या बहुतेक आधीच वाटलेल्या. ० टायमरला, १ कीबोर्डला, ६ फ्लॉपीला, ८ घड्याळाला, १३ गणिती कोप्रोसेसरला, १४ आणि १५ हार्डडिस्क-सीडीला. सिरियल पोर्टांपैकी ४ वर कॉम १ आणि कॉम ३, ३ वर कॉम २ आणि कॉम ४. ७ प्रिंटरला, १२ पीएस-टू माउसला. म्हणजे मोकळ्या उरल्या ५, ९, १०, ११. त्यासाठी साउंड कार्ड, लॅन कार्ड, यूएसबी, टीव्ही ट्यूनर, सगळे भुकेले.

@शिरोलीफाटा, तुमच्या लक्षणांवरून एक गोष्ट आताच सांगता येते. "कार्ड सापडलं" म्हणतोय आणि लोड दाखवतोय, म्हणजे ३०० हा पत्ता (ज्या नंबरवर प्रोग्रॅम कार्डाशी बोलतो तो) बरोबर आहे, कार्ड जिवंत आहे. पहिला ठिपका प्रोग्रॅम स्वतः जाऊन विचारून आणत असणार. त्यानंतर तो कार्डाच्या घंटेची वाट बघत बसतो आणि घंटा ऐकूच येत नाही. आयआरक्यू ५ दुसऱ्या कुणीतरी बळकावलाय.

पिवळं चिन्ह दिसत नाही याने फसू नका. ते कार्ड जंपरवालं आहे, म्हणजे त्याचे नंबर कार्डावरच्या पिनांवर छोटी टोपी बसवून ठरतात; विंडोजला ते माहीतच नाही. ज्याला तो ओळखत नाही त्याचं भांडण तो कसं दाखवणार?

दोन प्रश्न. एक, डॉस मोडमध्ये रीस्टार्ट करून प्रोग्रॅम चालवला तर? दोन, हे सुरू होण्याआधी मशीनमध्ये काय बदललं?

एडिसनकर | मंगळवार, पहाटे ४.१०

इकडे न्यू जर्सीत संध्याकाळ आहे, म्हणून एक आठवण. १९९७. दादरला दोन खोल्यांत राहायचो. लॅमिंग्टन रोडवरून ३३.६ चा इंटर्नल मोडेम आणला. डायल केलं की मोडेम किंचाळायचा आणि त्याच क्षणी माउस थिजायचा. इंटरनेट चालू, माउस बंद. लाइन तोडली की माउस पुन्हा टुणटुणीत.

पंधरा दिवस टॅब दाबत दाबत पानं वाचली. मग दुकानदाराने विचारलं, "माउस सिरियल आहे का?" होता. माउस कॉम १ वर, मोडेम कॉम ३ वर. पत्ते वेगळे, ३एफ८ आणि ३ई८, पण घंटा एकच, ४ नंबर. मोडेमचा जंपर कॉम ४ वर टाकला, बायॉसमधून (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमधून) कॉम २ बंद केला, सुटलो. जंपर एवढासा, टूथपिकने काढला, खाली पडला, तो शोधायला सगळा पलंग हलवला. आई म्हणाली, "कसला शोध लावतोयस?"

मीनल_डीटीपी | मंगळवार, सकाळी ९.१५

@एडिसनकर 😀 माझी हकिकत प्रिंटर पोर्टची. १९९९ चा दिवाळी अंकांचा हंगाम, सांगलीत आमचं डीटीपी सेंटर. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची किल्ली) प्रिंटर पोर्टला, डोंगलच्या पाठीवर प्रिंटरची केबल. एक दिवस नव्या मुलाने बायॉसमध्ये जाऊन पोर्ट ईसीपी मोडवर केला, प्रिंट लवकर निघेल म्हणून. झालं. डोंगल दिसेना, आणि साउंड कार्डातून गाण्याऐवजी घरघर. नंतर कळलं की ईसीपीला डीएमएचा (प्रोसेसरला न गुंतवता थेट मेमरीत डेटा नेण्याचा) एक चॅनेल लागतो आणि साउंड कार्डही त्याच चॅनेलवर होतं. पोर्ट परत साध्या मोडवर आणला. तोवर चार फॉर्म अडकले होते आणि संपादक दारात बसून चहा पीत होते.

व्याकरणप्रेमी | मंगळवार, सकाळी १०.०२

"इंटरप्ट" ला मराठीत "व्यत्यय" हा चांगला शब्द आहे. तो वापरायला काय हरकत आहे?

सोलापुरी_चादर | मंगळवार, सकाळी १०.०६

काहीच हरकत नाही. या धाग्यावर आत्ताच एक आला.

शिरोलीफाटा | मंगळवार, दुपारी १.३०

@जुनाजंपर, आभारी आहे. डॉस मोडमध्येही तेच, एक ठिपका आणि गप्प.

बदललं काहीच नाही. नवीन कार्ड नाही, सॉफ्टवेअर नाही. इंटरनेट तर त्या खोलीत कधी आलंच नाही.

कोकणकडा | मंगळवार, दुपारी २.१५

बायॉसमध्ये "पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड" असं काहीतरी असेल. ते "येस" करा. विंडोज ९८ प्लग अँड प्ले (पीएनपी) आहे, कार्डांचे आयआरक्यू त्यालाच वाटू दे.

जुनाजंपर | मंगळवार, दुपारी ३.००

@कोकणकडा, असहमत. "येस" केलं की बायॉस फक्त बूटला लागतील तेवढ्याच कार्डांची सोय लावतो आणि बाकीचं विंडोजवर सोडतो. यांचं कार्ड विंडोजला दिसतच नाही, त्यामुळे तो खुशाल ५ नंबर दुसऱ्याला देईल. इथे "नो"च हवं.

कोकणकडा | मंगळवार, दुपारी ३.२०

माझ्याकडे १९९९ ते २००४ "येस" वर चाललंय. एकदाही त्रास नाही.

जुनाजंपर | मंगळवार, दुपारी ३.२८

तुमच्याकडे जंपरवालं आयएसए कार्ड होतं?

कोकणकडा | मंगळवार, दुपारी ३.४१

नव्हतं. सगळी पीसीआय, म्हणजे आयएसएच्या नंतरच्या पिढीची. बरं, मागे घेतो. पण पीसीआयमध्ये तर दोन कार्डं एकच आयआरक्यू वापरू शकतात, मग आयएसएलाच का चालत नाही?

प्रा_विसरभोळे | मंगळवार, सायंकाळी ६.५०

तीस वर्षं हेच शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

आयएसएची घंटा म्हणजे दाराशी आलेला माणूस एकदाच टिंग करतो आणि गप्प उभा राहतो. प्रोसेसर त्या टिंगचाच क्षण टिपतो. आता एकाच बेलवर दोन माणसं आली आणि दुसऱ्याने पहिल्याच्या पाठोपाठ दाबलं तर दोन टिंग वेगळे कळत नाहीत. एकाला आत घेतलं, दुसरा बाहेरच ताटकळला. त्यातून आयएसए कार्डं ती दोरी दोन्ही बाजूंनी ताणून धरतात, म्हणजे एक वर ओढतोय, दुसरा खाली. मग घंटा वाजेल की नाही याचीच खात्री नाही.

पीसीआयवाला बेलवर बोट दाबूनच उभा राहतो. एकाला आत घेतलं तरी बेल वाजतच असते, म्हणजे अजून कुणीतरी आहे हे कळतं. ड्रायव्हर एकेकाला विचारतो, "तू का?" म्हणून वाटून घेता येतं. पुढे ८२५९ च्या जागी एपीआयसी आलं, घरगुती पीसीत साधारण २४ दोऱ्या मिळाल्या. आणि आता पीसीआय एक्स्प्रेसमध्ये दोरीच नाही, कार्ड मेमरीत निरोप लिहून टाकतं. आजच्या मुलांना हे भांडण माहीतच नाही ते त्यामुळे.

@शिरोलीफाटा, बोर्डाच्या कॅपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का तेही बघा. त्या काळातल्या बोर्डांना हा रोग फार.

शिरोलीफाटा | मंगळवार, रात्री ९.१०

सर, कॅपॅसिटर सपाट आहेत. फोटो काढून मोठा करून बघितले.

जुनाजंपर सांगतात म्हणून बायॉसमध्ये गेलो. "पीएनपी ओएस" आधीच नो होतं. "पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन" या पानावर रिसोर्सेस मॅन्युअल केल्यावर आयआरक्यूंची यादी आली. त्यात ५ पुढे "पीसीआय/आयएसए पीएनपी" होतं, ते "लेगसी आयएसए" (जुन्या कार्डासाठी राखीव) केलं. "रीसेट कॉन्फिगरेशन डेटा" एनेबल केलं. सेव्ह करून बाहेर. मशीन चालू.

एक ठिपका.

रानवारा | मंगळवार, रात्री ९.३०

😢

आजी_ऑनलाइन | मंगळवार, रात्री १०.४५

आमच्या ऑफिसात डॉसवर मराठी दिसावं म्हणून सी-डॅकचं गिस्ट कार्ड बसवलेलं होतं. साहेब पाहुण्यांना दाखवायचे, "बघा, कॉम्प्युटर मराठी बोलतो." ते कार्ड बसवायला आलेला मुलगा जंपर लावताना देवाचं नाव घ्यायचा. विषयाशी संबंध एवढाच.

एडिसनकर | बुधवार, पहाटे ५.००

@शिरोलीफाटा, "काहीच बदललं नाही" असं म्हणणारा प्रत्येक माणूस काहीतरी विसरलेला असतो. मीसुद्धा तेव्हा म्हणालो होतो. नीट आठवा. उंदीर, पाऊस, रंगकाम, लाइट जाणं, काहीही.

शिरोलीफाटा | बुधवार, सकाळी ८.२०

सकाळी टेस्टिंगच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "दादा, सेल नाही का बदलला?"

खरंच की. सर्टिफिकेटवर तारीख चुकायला लागली होती. आधी दोन-चार दिवस मागे, मग थेट काही वर्षं मागे. ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याने सर्टिफिकेट परत पाठवलं, "हा बार कास्टिंगच्या आधीच तोडलाय का?" म्हणून. तेव्हा पोराने मदरबोर्डवरचा बटणसेल बदलला, सीआर २०३२. चालू केल्यावर काळ्या पडद्यावर चेकसमचं काहीतरी आलं, एफ१ दाबा म्हणालं. त्याने आत जाऊन "लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स" केलं, तारीख घातली, सेव्ह केलं.

त्याने सांगितलं नाही कारण कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही कारण सेल बदलणं म्हणजे काही बदलणं असं मला वाटलंच नाही.

जुनाजंपर | बुधवार, सकाळी ८.४५

सापडला चोर! निदान त्याचा रस्ता तरी. सेल काढला की वीस वर्षांपूर्वी मशीन बसवणाऱ्याने बायॉसमध्ये जे जे केलं होतं ते सगळं पुसलं गेलं. "ऑप्टिमाइझ्ड" म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याच्या मते उत्तम, आणि त्याच्या डोळ्यासमोर गेम खेळणारा गिऱ्हाईक. तुमची फाउंड्री त्याच्या स्वप्नातही नव्हती.

५ नंबर लेगसी केल्यावरही सुटलं नाही, याचा अर्थ बळकावणारा प्लग अँड प्लेच्या वाटपातून आलेला नाही. ते राखीव ठेवणं म्हणजे बायॉस वाटप करताना ५ कुणाला देणार नाही, एवढंच. ज्याला बायॉसमध्ये दुसऱ्या पानावर कायमचा ५ लिहून दिलाय त्याला ते लागू नाही.

बोर्डवर साउंड आहे का? म्हणजे मागे तीन रंगीत भोकं आणि जॉयस्टिकचं रुंद पोर्ट? आणि चिपवर काय लिहिलंय? आयएसए स्लॉटजवळची मोठी चौकोनी.

शिरोलीफाटा | बुधवार, सकाळी ११.१०

आहे की. तीन भोकं आणि रुंद पोर्ट. स्पीकर कधी लावलेच नाहीत. चिपवर व्हीटी८२सी६८६ए.

जुनाजंपर | बुधवार, सकाळी ११.२०

झालं मग. ही व्हीआयएची ६८६ए. हिच्यात डॉसच्या गेमसाठी साउंड ब्लास्टरची नक्कल बसवलेली आहे. बायॉसमध्ये "इंटिग्रेटेड पेरिफेरल्स" पानावर खाली जा. "ऑनबोर्ड लेगसी ऑडिओ", "साउंड ब्लास्टर", "एसबी आयआरक्यू सिलेक्ट" अशा ओळी असतील आणि शेवटच्या ओळीत बहुधा ५. जुन्या साउंड ब्लास्टरची ओळखच ती, पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. लेगसी ऑडिओ डिसेबल करा. तिथेच एमपीयू-४०१ (संगीत वाद्यं जोडायचं पोर्ट) असेल तर तेही बंद, कारण त्याला पत्ता म्हणून ३०० निवडायची सोय असते आणि तुमचं कार्ड नेमकं तिथेच बसलंय. जॉयस्टिक पोर्टही बंद करा. फाउंड्रीत कोण खेळणार?

आधीच्या पानावरचं लेगसी आयएसए तसंच राहू द्या, नाहीतर उद्या विंडोज ५ नंबर यूएसबीला देईल.

घनदाट | बुधवार, सकाळी ११.४०

"एसबी आयआरक्यू ५" वाचून डोळे पाणावले. ऑटोएक्झेक फाइलमधली "सेट ब्लास्टर, ए२२० आय५ डी१" ही ओळ मला अजून पाठ आहे. पाढे विसरलो. गेममध्ये पहिला आवाज आला तेव्हा अख्खी गल्ली जमली होती.

प्रा_विसरभोळे | बुधवार, दुपारी १२.१५

जुनाजंपर यांचा तर्क पटतो. फक्त एक जोड. हे करूनही नाहीच चाललं तर कार्डाचा जंपर १० किंवा ११ वर नेता येईल, पण कार्डावर ती सोय हवी आणि प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलमध्येही आकडा बदलायला हवा. कार्डाचा सोनेरी कंगवा एकाच तुकड्याचा म्हणजे ८-बिटी असेल तर त्याला २ ते ७ च्याच दोऱ्या पोहोचतात. मग १० चा नाद सोडा.

शिरोलीफाटा | बुधवार, रात्री ८.५५

चाललं!!!

ओळ तिथेच होती. एसबी आयआरक्यू सिलेक्ट, पुढे ५. लेगसी ऑडिओ बंद केल्यावर खालच्या ओळी आपोआप फिक्या पडल्या. एमपीयू आणि गेम पोर्ट बंद केलं. सेव्ह, रीस्टार्ट. पोराने बार लावला. आम्ही चौघं स्क्रीनसमोर श्वास रोखून. ठिपका आला, मग दुसरा, मग रेघ वर चढत गेली, वाकली, बार तुटला, रेघ थांबली. ५०० बाय ७ ग्रेडचा बार, ५३२ मेगापास्कल, एलाँगेशन ९ टक्के. वडील म्हणाले, "लै बेस्ट," आणि जेवायला गेले.

नंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये "कॉम्प्युटर" वर डबल क्लिक करून आयआरक्यूची यादी उघडली. ५ समोर आता काही नाही. कार्ड वापरतंय, पण यादीत नाव नाही. जुनाजंपर म्हणाले होते ते आता डोळ्यांनी दिसलं.

जुनाजंपर | बुधवार, रात्री ९.१५

अभिनंदन! त्याच खिडकीत "रिझर्व्ह रिसोर्सेस" नावाचा टॅब आहे. तिथे आयआरक्यू ५ आणि पत्ता ३०० पासून कार्डाला लागेल तेवढा भाग लिहून ठेवा, म्हणजे विंडोजलाही समज मिळेल. आणि बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, छापा, कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. हा सेलही कधीतरी मरणार.

व्याकरणप्रेमी | बुधवार, रात्री ९.२२

"साउंड ब्लास्टर" साठी प्रतिशब्द सुचतोय, पण राहू दे.

सोलापुरी_चादर | बुधवार, रात्री ९.३०

भंगाराचं विधान मागे. पण हार्डडिस्कचं काय? ती मेली की हा धागा परत वर येईल.

शिरोलीफाटा | बुधवार, रात्री ९.४८

@सोलापुरी_चादर, तोच विचार चाललाय. प्रोग्रॅमच्या मूळ तीन फ्लॉप्या कपाटात सापडल्या. पहिली आणि तिसरी वाचता येते. दुसरीवर वडिलांनी कधीतरी चहाचा कप ठेवलेला दिसतोय, बरोबर गोल डाग आहे. प्रोग्रॅमचं फोल्डर उद्या यूएसबी पेनवर कॉपी करणार होतो, पण विंडोज ९८ पेन ड्राइव्ह लावला की ड्रायव्हर मागतो.

एडिसनकर | बुधवार, रात्री ९.५५

सीडी रायटर आहे का?

शिरोलीफाटा | बुधवार, रात्री १०.०१

सीडी ड्राइव्ह आहे, फक्त वाचणारा.

मीनल_डीटीपी | बुधवार, रात्री १०.१०

डिस्क काढून आयडीई-टू-यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा आणि पूर्ण डिस्कची इमेज काढा. माझ्याकडे केबल आहे, सांगलीहून कोल्हापूर काही लांब नाही, रविवारी पाठवते. फक्त काढण्याआधी मास्टर-स्लेव्हचा जंपर कुठे आहे त्याचा फोटो काढा.

शिरोलीफाटा | बुधवार, रात्री १०.१४

अजून एक जंपर?